‘शीप्स’ लिहिणाऱ्या मुलाचा गुण

प्राथमिक शाळेच्या इंग्रजी वहीत एक पान ठरलेलं असतं. डावीकडे एकवचन, उजवीकडे रिकामी रेघ. कॅट, डॉग, बुक, पेन इथवर पेन्सिल न थांबता चालते. शेवटी एस लावला की झालं. मग शीप येतो. पेन्सिल त्याच चालीने पुढे जाते, ‘शीप्स’ लिहिते आणि त्या ओळीवर लाल फुली पडते. खाली डिअरवर दुसरी फुली, फिशवर तिसरी. तपासणाऱ्या बाईंचं यात काही चुकलेलं नाही. शीपचं अनेकवचन शीपच होतं हे त्यांना त्यांच्या बाईंनी शिकवलं होतं आणि ते बरोबर आहे. मुलाने मात्र काल शिकवलेला नियमच आज इमानाने पाळला आहे, आणि फुली त्याच्याच वाट्याला आली आहे.

हा गुण द्यावा की कापावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. आम्हाला तो तसा वाटत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. ज्यांच्या घरात इंग्रजीचं एक वाक्यही कानावर पडत नाही अशी असंख्य मुलं या पानावरून पुढे जातात. इंग्रजी ही समजून घेण्याची भाषा आहे की नुसती पाठ करण्याची, याबद्दलचं त्यांचं मत अशाच पानांवर घडतं. ते मत पुढे जन्मभर बदलत नाही, असंही पुष्कळदा होतं. म्हणून या एका एसचा दोन्ही बाजूंनी विचार करायला हवा.

शीपला एस का लागत नाही? ‘तो अपवाद आहे, पाठ करा’ एवढंच उत्तर बहुतेक वर्गांत मिळतं. पण शीप मुळात अपवाद नव्हताच. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मराठीसारखीच तीन लिंगं होती आणि अनेकवचनाची रीत लिंगाप्रमाणे बदलत असे. पुल्लिंगी नामांच्या एका मोठ्या गटाला शेवटी ‘अस’ लागायचा. आजचा एस तिथून आला. नपुंसकलिंगी नामांचा कायदा वेगळा होता आणि तो लघु-गुरूवर चालायचा. शब्दाचं अक्षर लघु असलं तर अनेकवचनात शेवटी ‘उ’ येई: जहाजाला शिप, अनेक जहाजांना शिपु. अक्षर गुरू असलं तर तो ‘उ’ लेखी पुराव्यांच्या काळाआधीच उच्चारातून गळून गेला होता. स्वर दीर्घ असला किंवा त्याच्यापुढे दोन व्यंजनं जोडून आली की अक्षर गुरू होतं, हे वृत्तांची लगक्रमाची आखणी केलेल्या कुणाही मराठी वाचकाला सांगावं लागणार नाही. मेंढीला म्हणायचे ‘शेआप’. स्वर दीर्घ, म्हणून अक्षर गुरू, म्हणून एक शेआप आणि दहा शेआप.

या कायद्यात शीप एकटा नव्हता. घराला हूस, शब्दाला वोर्ड, वस्तूला थिंग, पानाला लेआफ, घोड्याला हॉर्स. ही सगळी नपुंसकलिंगी नामं होती, सगळ्यांचं अक्षर गुरू होतं आणि सगळ्यांचं अनेकवचन एकवचनासारखंच होतं. त्या काळचा इंग्रज ‘दहा हूस’ म्हणायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुढच्या तीन-चारशे वर्षांत लिंगभेद पुसट झाला, शेवटची अक्षरं झिजली आणि पुल्लिंगी गटाचा एस सगळीकडे पसरला. हूसला एस लागला, वोर्डला लागला, थिंगला लागला, लीफला आणि हॉर्सलाही लागला. शीप, डिअर आणि स्वाइन तेवढे मागे राहिले. हेच तीन का राहिले याचं समाधानकारक स्पष्टीकरण असं की ही जनावरं एकेक करून मोजण्याऐवजी कळपाने, हाक्याने, शिकारीच्या हिशेबाने बोलली जात. घोड्याची गोष्ट याला पुष्टी देते. एकेकट्या घोड्याला एस लागला, पण घोडदळ या अर्थी ‘हजार हॉर्स’ असा प्रयोग नंतरही शतकानुशतकं टिकून होता. डिअर या शब्दाचा तर तेव्हा अर्थच ‘कुठलंही जनावर’ असा होता. जर्मनमध्ये त्याचा भाऊ असलेला शब्द आजही तोच अर्थ सांभाळून आहे.

‘शीप्स’ लिहिणारं मूल जे करतं, तेच मध्ययुगातल्या इंग्रजांनी घर, शब्द आणि घोडा यांच्या बाबतीत केलं. त्यांनी ते सर्वांनी मिळून केलं म्हणून आज ते व्याकरणात बसतं.

आता फिश. इथे फुली मारणाऱ्यांची बाजू आणखी कमजोर होते. मासा हा जुन्या इंग्रजीत पुल्लिंगी होता आणि त्याला अनेकवचनी ‘अस’ व्यवस्थित लागत होता. वंशपरंपरेने पाहिलं तर फिशेस हेच अस्सल अनेकवचन. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये पाच भाकरी आणि दोन मासे यांची कथा आहे. तिथे मासे ‘फिशेस’ आहेत. बिनएसाचं फिश हे शिकारीच्या आणि मासेमारीच्या बोलीतून, शीप-डिअरच्या वळणावर पुढे रुळलं. आज दोन्ही रूपं प्रमाण आहेत, फक्त त्यांची कामं निराळी. जाळ्यात आलेले, ताटात वाढलेले मासे म्हणजे फिश. माशांचे वेगवेगळे प्रकार सांगायचे असतील तर फिशेस. भारतातल्या माशांचा अभ्यास करणारे फ्रान्सिस डे यांचा १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेला मोठा ग्रंथ ‘द फिशेस ऑफ इंडिया’ या नावाचा आहे, आणि ते नाव अगदी शुद्ध आहे. मालवणच्या बाजारात एका टोपलीत सुरमई, बांगडे आणि सौंदाळे शेजारी शेजारी दिसले आणि एखाद्या मुलीने त्यांना फिशेस म्हटलं, तर तिचं इंग्रजी उत्तरसूचीपेक्षा जास्त अचूक आहे. तिचा गुण कापणं हा सरळ अन्याय आहे. बरं, डिअरलाही ‘डिअर्स’ असं दुय्यम रूप मेरियम-वेबस्टरच्या कोशाने नोंदवलेलं आहे. म्हणजे वहीतल्या तीन फुल्यांपैकी एक साफ चुकीची, एक वादग्रस्त आणि एकच निर्विवाद.

शीपच्या रांगेत पाठ करून घेतले जाणारे सिरीज आणि स्पीशीज हे शब्द मात्र दुसऱ्याच घराण्यातले. ते लॅटिनमधून आले आणि लॅटिनच्या पाचव्या नामगटात प्रथमेचं एकवचन आणि अनेकवचन मुळातच एकसारखं असतं. त्यातला शेवटचा एस अनेकवचनाचा नव्हेच. डार्विनच्या १८५९ सालच्या ग्रंथाचं पूर्ण नाव पाहिलं की या गटाची गंमत कळते. ‘ऑन दि ओरिजिन ऑफ स्पीशीज बाय मीन्स ऑफ नॅचरल सिलेक्शन’ या पहिल्याच भागात असे दोन शब्द आहेत, स्पीशीज आणि मीन्स. दोघांनाही वचन दाखवता येत नाही. मुखपृष्ठावरच्या नावावरून ती एका प्रजातीची उत्पत्ती की अनेक प्रजातींची, हे नुसत्या रूपावरून ठरवता येत नाही; ते ग्रंथाचा विषयच सांगतो. मराठीतही हीच अडचण जशीच्या तशी आहे. एक प्रजाती, अनेक प्रजाती. एक मालिका, तीन मालिका. लॅटिनमधून आलेले शब्द तिकडे बदलत नाहीत, संस्कृतातून आलेले त्यांचे मराठी प्रतिशब्द इकडे बदलत नाहीत. उलट मेंढी-मेंढ्या, हरीण-हरणं, मासा-मासे हे आपले घरगुती शब्द बिनबोभाट बदलतात.

स्पीशीजमधला एस अनेकवचनाचा समजून आपली मुलं, आणि कितीतरी मोठी माणसंही, एकवचनाला ‘स्पीशी’ म्हणतात. हे चूक आहे, आणि ते सांगायलाच हवं. इंग्रजीत त्या रूपाचा शब्द आहे, पण त्याचा अर्थ धातूचं नाणं असा होतो. पण ही चूक करणारे आपण पहिले नाही. मटाराला इंग्रजीत पूर्वी ‘पीज’ हा एकवचनी शब्द होता. लोकांना त्यातला शेवटचा ध्वनी अनेकवचनाचा वाटला, त्यांनी तो काढून टाकला आणि ‘पी’ असं नवं एकवचन घडवलं. आज ‘पी’ प्रमाण आहे आणि जुना पीज ‘पीज पुडिंग’ या पदार्थाच्या नावापुरता उरला आहे. चेरी या फळाचंही तसंच झालं. नॉर्मन फ्रेंच शब्दाच्या शेवटचा ध्वनी असाच छाटला गेला. उलट्या दिशेचा प्रवासही चालू आहे. सोंगट्यांच्या फाशाला एकवचनी ‘डाय’ आणि अनेकवचनी ‘डाइस’ असा भेद होता. आता एका फाशालाही डाइस म्हणणं कोशांनी मान्य केलं आहे. म्हणजे शीपच्या रांगेत एक नवा शब्द आपल्या डोळ्यांदेखत आला.

हे सगळं वाचून वाटेल की मग फुली मारूच नये, मुलांना हवं ते लिहू द्यावं. इतकं सोपं ते नाही. विरुद्ध बाजूचं म्हणणं वजनदार आहे आणि ते पूर्ण ताकदीनिशी मांडलं पाहिजे.

भाषेतली काही रूपं अर्थ पोहोचवण्यापलीकडचं एक काम करतात. ती बोलणाऱ्याचं शिक्षण, घर, शाळा यांची पारख करायला वापरली जातात. विमानांच्या देखभालीचं शिक्षण घेतलेला, हातात खरं कसब असलेला एखादा मुलगा नोकरीच्या अर्जात ‘एअरक्राफ्ट्स’ लिहितो. अर्ज वाचणाऱ्याला जुन्या इंग्रजीचे लघु-गुरू माहीत नसतात आणि माहीत असण्याची गरजही नसते. त्याला एक जादा एस दिसतो आणि तो अर्ज नकळत थोडा खाली सरकतो. शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना हा एस घरीच, न शिकवता, गळून पडलेला मिळतो. ज्याला तो फक्त शाळाच शिकवू शकते, त्याला शाळेनेच ‘चालतंय’ म्हणून सोडून दिलं तर उदारपणाचं बिल त्या मुलालाच भरावं लागतं.

मराठीच्या शाळांत ‘पाणी’ आणि ‘पानी’ यावरून झालेला वाद आठवावा. घरची बोली कमी प्रतीची नाही, वर्गात तिला मान मिळाला पाहिजे, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. त्याच वेळी प्रमाण मराठीवर हक्क मिळणं हाही त्या मुलाचाच अधिकार आहे, हेही तितकंच खरं. बोलीचा सन्मान करणाऱ्या चांगल्या शिक्षकांनी प्रमाणभाषा शिकवणं कधी थांबवलं नाही. इंग्रजीला हाच न्याय लावायला हवा. एक फरक मात्र विसरता येत नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या मागे एक अख्खी बोली, तिची गाणी, तिची माणसं उभी असतात. ‘शीप्स’ लिहिणाऱ्या मुलाच्या मागे अशी कुठलीच बोली नाही. तिथे असतो तो एक अर्धवट शिकवलेला नियम.

‘एअरक्राफ्ट्स’बद्दल भारतीय इंग्रजीचा दाखला दिला जातो. आपल्या वर्तमानपत्रांत, कार्यालयीन कागदांत हे रूप सर्रास सापडतं. इतके लोक वापरतात तर ते भारतीय प्रमाण रूप मानावं, असा हा मुद्दा आहे. तत्त्व म्हणून आम्हाला तो मान्य आहे. घर आणि घोड्याला एस लागला तो असाच, वापरणाऱ्यांच्या संख्येने. पण आज तरी भारतातले काळजीपूर्वक लिहिणारे संपादकच तो एस खोडतात. जहाजं आणि होड्या या अर्थी क्राफ्ट हा शब्द बिनएसाचा अनेकवचनी चालत आला, आकाशातल्या वाहनांनी ती रीत उचलली, आणि विमानवाहतुकीचं इंग्रजी सगळ्या जगाने वाटून घेतलेलं आहे. त्यामुळे औपचारिक लिखाणात एअरक्राफ्टला एस लावू नये असंच आमचं मत आहे. उद्या संपादकांनी खोडणं थांबवलं तर हे मत बदलावं लागेल.

या शब्दांनी खरी संदिग्धता निर्माण होते का, हेही तपासायला हवं, कारण ‘एस नसेल तर एक की अनेक कळणार कसं’ हा मुलांचा प्रश्न रास्त आहे. वृत्तसंस्थेकडून आलेली इंग्रजी बातमी मराठीत करणाऱ्या उपसंपादकाला हा प्रश्न रोज पडतो. ‘मिसिंग एअरक्राफ्ट फाउंड’ असा तीन शब्दांचा मथळा येतो. बेपत्ता विमान सापडलं की बेपत्ता विमानं सापडली? मथळ्यात ‘अ’ किंवा ‘द’ नाही, वचन दाखवणारं क्रियापद नाही. मराठी क्रियापद वचन ठरवल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकत नाही, म्हणून त्याला सगळी बातमी वाचावीच लागते. पण बातमीच्या पहिल्याच वाक्यात संख्या येते आणि शंका संपते. कायद्याने तर हा प्रश्न मुळातच निकालात काढला आहे. १८९७ सालच्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या तेराव्या कलमानुसार, संदर्भाला बाध येत नसेल तर एकवचनात अनेकवचन आणि अनेकवचनात एकवचन धरलं जातं. वचन शब्दाच्या शेपटावरच दिसलं पाहिजे, हा आग्रह व्यवहाराने फारसा मानलेला नाही.

आणि तो मराठीने तर कधीच मानला नाही. हत्ती आला, हत्ती आले. मोठा डोंगर, मोठे डोंगर. देव, बैल, उंदीर, दगड, लाडू, कवी. पुल्लिंगी नाम आकारान्त नसलं तर अनेकवचनात ते बहुधा आहे तसंच राहतं. शाळा, भाषा, सभा या आकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचंही तेच. चार वर्षांचं मराठी मूल ‘एक हत्ती, दोन हत्ती’ म्हणताना कधी अडखळत नाही. शीप त्याला परका वाटायचं काही कारणच नाही. ‘आपल्या हत्तीसारखाच त्यांचा शीप’ एवढं एक वाक्य बाईंनी उच्चारलं की अर्धं काम होतं. मराठी माध्यमातल्या मुलाकडे इंग्रजी शिकताना फार थोड्या गोष्टी आयत्या असतात. ही त्यातली एक आहे आणि ती आपण वाया घालवतो.

फक्त अर्धंच काम, कारण पुढे वाटा फुटतात. मराठीत हत्तीचं वचन विशेषण सांगतं, क्रियापद सांगतं, आणि विभक्ती लागली की नामही सांगतं: हत्तीला, हत्तींना. इंग्रजीत विशेषण बदलत नाही. भूतकाळी क्रियापद, वॉज आणि वेअर सोडलं तर, बदलत नाही. षष्ठीचं रूपही एका मेंढीचं आणि अनेक मेंढ्यांचं एकच. ‘द शीप केम होम’ या वाक्यात एक मेंढी घरी आली की सगळा कळप, हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून इंग्रजीत वचन नेमकं कुठे शोधायचं ते मुलाला दाखवावं लागतं. ते असतं ‘धिस’ आणि ‘दीज’मध्ये, ‘इज’ आणि ‘आर’मध्ये, ‘अ’, ‘मेनी’ आणि संख्यावाचकांत. शेवटचं अक्षर सोडून सगळ्या वाक्याकडे पाहायला शिकवणं, हे यातलं खरं शिक्षण आहे.

याच ठिकाणी बाजारातली गाईडं आणि सराव पुस्तिका मोठा घोळ घालतात. ‘न बदलणारे शब्द’ अशा एकाच चौकटीत शीप, डिअर आणि त्यांच्या शेजारी फर्निचर, इन्फर्मेशन, लगेज कोंबलेले असतात. मूल चौकट पाठ करतं आणि पुढे ‘टू फर्निचर’ लिहितं, कारण ‘टू शीप’ बरोबर होतं. शीप मोजता येतात; मोजल्याची खूण फक्त शब्दावर उमटत नाही. फर्निचर इंग्रजीत मोजलंच जात नाही. हत्ती आणि तूप यांना एका यादीत घालण्यासारखंच हे आहे. मराठीत असं करायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या वापरलं गेलं, त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातच नोकरीला होते. त्या पुस्तकात हा घोळ नाही. तरी तिथेही शीप, एअरक्राफ्ट, सिरीज आणि संख्येनंतर येणारे डझन, हंड्रेड हे सगळे एकाच परिच्छेदात ओळीने बसवलेले आहेत आणि त्यांच्या वेगवेगळ्या कुळांबद्दल एक शब्दही नाही. पाठांतराची सवय तिथूनच खाली झिरपली असावी.

डझन आणि हंड्रेडचा मुद्दा आपल्याशी थेट येऊन भिडतो तो ‘लाख’मुळे. हा शब्द इंग्रजीला भारतीय भाषांनी दिला. भारतीय इंग्रजीत ‘फाइव्ह लाख’ही चालतं आणि ‘फाइव्ह लाख्स’ही, बँकेच्या चेकवर दोन्ही दिसतात. मराठीत आपण पाच लाखच म्हणतो. इंग्रजीतही संख्येनंतर हंड्रेड, थाउजंड यांना एस लागत नाही. देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही भाषांचा कल एकाच बाजूला असताना एस न लावणंच बरं, असं आम्हाला वाटतं. न्यूझीलंडच्या इंग्रजीत माओरी शब्दांना एस न लावण्याची पद्धत गेल्या काही दशकांत रुळली आहे, कारण माओरीत नामांना तसा प्रत्यय लागत नाही. मूळ भाषेचा मान राखण्याचा तोही एक मार्ग आहे.

मग गुणाचं काय? निर्णयाला आधार देणारी एक गोष्ट १९५८ साली जीन बर्को यांनी अमेरिकेतल्या लहान मुलांवर केलेल्या प्रयोगात आहे. त्यांनी पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला ‘वग’ म्हणतात असं सांगितलं, मग दोन प्राणी दाखवले आणि वाक्य पुरं करायला लावलं. तो शब्द मुलांनी कधी ऐकलेला असणं शक्यच नव्हतं. तरी बहुतेकांनी बरोबर एस लावला. नियम त्यांनी आतून कमावला होता. इंग्रजी हीच ज्यांची मातृभाषा आहे अशी मुलंही याच कारणाने काही काळ ‘शीप्स’ आणि ‘फूट्स’ म्हणतात. ती पुढे सुधारतात, ती फुलीमुळे नव्हे. आईच्या, आजीच्या, गोष्टीच्या पुस्तकाच्या तोंडून ‘टू शीप’ इतक्यांदा कानावर पडतं की जादा एस आपोआप गळतो.

नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या पाड्यावरच्या मुलाला हे ऐकणं मिळत नाही. त्याला मिळते फक्त फुली. ऐकवल्याशिवाय गुण कापणं अन्यायाचं आहे. ऐकवणं टाळून नुसता गुण वाटणं ही त्या मुलाची उपेक्षा आहे. कडक शिक्षक आणि सौम्य शिक्षक यांच्या वादात ही तिसरी गोष्ट दोघांच्याही हातून निसटते. वर्गात दिवसाकाठी पाच मिनिटं मोठ्याने वाचलेली इंग्रजी गोष्ट, जिच्यात मेंढ्या आणि मासे पुन्हा पुन्हा येतात, ती शंभर ओळींच्या कोष्टकापेक्षा जास्त काम करेल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. बाईंना स्वतःच्या वाचनाचा आत्मविश्वास मात्र लागतो, आणि तो प्रशिक्षणातून द्यावा लागतो. हे काम शाळेपेक्षा शिक्षण खात्याचं आहे.

गुणदानाबद्दल आमचं म्हणणं असं. पाचवीपर्यंत, उत्तराचा अर्थ नीट पोहोचत असेल तर शीपच्या जादा एससाठी गुण कापू नये. शब्दाखाली रेघ मारावी, बरोबर रूप शेजारी लिहावं आणि पुढे जावं. आठवीपासून प्रमाण रूपाचा आग्रह धरावा, कारण तिथून पुढे अर्ज, मुलाखती आणि स्पर्धा परीक्षा दूर नसतात. मधली दोन वर्षं शिक्षकाच्या विवेकावर सोडावीत. वर्ग त्याला दिसतो, आम्हाला नाही. फिशेस कुठल्याही इयत्तेत चूक धरू नये.

कोष्टकाचा प्रश्न मात्र कृतिपत्रिकेतून आणि शिष्यवृत्तीच्या सराव पुस्तकांतून सरळ काढून टाकावा. शीप हा सुटा शब्द देऊन ‘वचन बदला’ म्हणणं म्हणजे जिथे वचन दिसतच नाही तिथेच ते शोधायला लावणं. त्याऐवजी दोन वाक्यं द्यावीत. एकात शीपपुढे ‘इज’ असेल, दुसऱ्यात ‘आर’. शेजारी दोन चित्रं असतील, एका मेंढीचं आणि कळपाचं. कोणतं वाक्य कोणत्या चित्राचं ते मुलाने जोडावं आणि कशावरून ओळखलं तो शब्द अधोरेखित करावा. आठवीला चित्रं काढून टाकून ‘द शीप केम होम’सारखं भूतकाळी वाक्य द्यावं आणि विचारावं, इथे मेंढ्या किती आहेत ते सांगता येतं का. ‘सांगता येत नाही’ हे तिथलं बरोबर उत्तर आहे, आणि उत्तरसूचीत ते छापलेलं असलं पाहिजे.